उपनगरातल्या धर्मग्रामाचे जन्मसाल कोनशिलेवर शोधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरच्या उपनगरांवर पुरवणीत मजकूर येतो तेव्हा तालीम, देऊळ, शाळा, गृहनिर्माण संस्था यांच्या जोडीला एखाद्या कॅथलिक चर्चचाही उल्लेख असतो. दोन ओळी, एक छायाचित्र आणि 'स्थापना अमुक साली'. नाताळच्या आठवड्यात तर हमखास. त्यातले साल बहुतेक वेळा दर्शनी भिंतीवरच्या कोनशिलेवरून उतरवलेले असते. पुढे रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत तेच छापले जाते आणि एकदा स्मरणिकेत आले की ते पुरावा म्हणून फिरू लागते. कोनशिला फार तर इमारतीचे साल सांगेल. धर्मग्राम, म्हणजे धर्मगुरूंकडे सोपवलेला एका भागातला कॅथलिक समाज, ज्याला बोलताना आपण पॅरिश म्हणतो, तो इमारतीच्या आधीही असू शकतो आणि इमारत उभी राहिल्यावर कित्येक वर्षांनीही अस्तित्वात येऊ शकतो. त्याचा इतिहास नोंदवह्यांत असतो. त्या वह्या कशा वाचायच्या, कुठे शोधायच्या आणि इथल्या पावसात कशा टिकवायच्या याबद्दल तपशिलाने लिहायला हवे, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी तारखांचा गुंता. औद्योगिक वसाहतीत, रेल्वेत, बँकेत, दवाखान्यात नोकरीला आलेली काही कुटुंबे शहराबाहेरच्या एका भागात राहू लागतात. रविवारी शहरातल्या चर्चपर्यंत जाणे म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना जड जाते. मग धर्मगुरू महिन्यातून एकदा कुणाच्या घरी, शाळेच्या हॉलमध्ये किंवा सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनागृहात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामुदायिक उपासना, अर्पण करतात. महिन्याची मिस्सा दर आठवड्याला होऊ लागते. जमीन बघितली जाते, पत्र्याची शेड पडते, कालांतराने तिथेच राहणारे धर्मगुरू नेमले जातात आणि अखेरीस बिशपांचे आज्ञापत्र निघते. म्हणजे पहिली मिस्सा, जमीनखरेदी, कोनशिला, इमारतीचा आशीर्वाद, निवासी धर्मगुरूंची नेमणूक आणि धर्मग्रामाची घोषणा अशा सहा वेगवेगळ्या तारखा हाती येतात. इतिहास लिहिणाऱ्याने सहाही द्याव्यात आणि कुठली कशाची हे सांगावे. एकच निवडून तिला 'स्थापना' म्हणण्याची घाई कशाला?

कायद्याने धर्मग्राम केव्हा होतो याबद्दल मात्र संदिग्धता नाही. २७ नोव्हेंबर १९८३ पासून लागू असलेल्या कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ५१५ व्या कलमानुसार धर्मग्राम स्थापन करणे, मोडणे किंवा त्यात मोठा बदल करणे हा अधिकार फक्त धर्मप्रांताच्या (अनेक धर्मग्राम मिळून झालेल्या विभागाच्या) बिशपांचा आहे, आणि त्यासाठी त्यांनी धर्मगुरूंच्या परिषदेचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. रीतसर स्थापना झाली की धर्मग्रामाला कायद्याने स्वतंत्र व्यक्तिमत्त्व मिळते. पूर्ण धर्मग्राम करण्याजोगी स्थिती नसेल तर ५१६ व्या कलमाखाली अर्धधर्मग्रामाची सोय आहे. तिथे धर्मगुरू असतात, कामकाज जवळपास तसेच चालते, पण अंतिम आज्ञापत्र व्हायचे असते. चर्च बांधायची परवानगी ही आणखी वेगळी बाब. कलम १२१५ प्रमाणे बिशपांची लेखी संमती लागते आणि ती देण्यापूर्वी शेजारच्या चर्चच्या प्रमुखांनाही विचारावे लागते. त्यामुळे नव्या चर्चच्या फाइलमध्ये शेजाऱ्यांची पत्रे सापडण्याची शक्यता असते. ती जरूर वाचावीत. अशा पत्रांत 'आमची किती कुटुंबे जातील' हा हिशेब असतो, आणि कुटुंबांची खरी आकडेवारी स्मरणिकेपेक्षा तिथे लवकर मिळते.

चर्चच्या सणाचा दिवस हाही एक सापळा. होली क्रॉस नाव असेल तर १४ सप्टेंबर, संत अंतोनी असेल तर १३ जून, संत फ्रान्सिस झेवियर असेल तर ३ डिसेंबर हा सण. तो पंचांगाने ठरतो, त्या धर्मग्रामाच्या जन्माशी त्याचा संबंध नाही. तरीही 'धर्मग्रामाची स्थापना १३ जून रोजी झाली' असे वाक्य लिहिले जाते. कोल्हापुरात १३ जूनला कुणी पायाभरणी करील का, एवढा विचार केला तरी शंका यायला हवी. आशीर्वाद आणि अभिषेक यांतही फरक आहे. साधा आशीर्वाद दिलेल्या चर्चपेक्षा अभिषेक झालेले चर्च ओळखता येते, कारण अभिषेकात वेदीला आणि भिंतींना पवित्र तेल लावतात आणि भिंतीवर तेल लावलेल्या बारा किंवा चार जागी क्रूस बसवतात. असे क्रूस दिसले तर अभिषेकाची तारीख वेगळी शोधावी. ती इमारत वापरात आल्याच्या तारखेनंतर बऱ्याच काळाने येऊ शकते.

आता वह्यांकडे वळू. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या तीन वह्या प्रत्येक धर्मग्रामात असल्याच पाहिजेत, असे कलम ५३५ सांगते. ही शिस्त जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी सक्तीच्या केल्या, १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा एक संस्कार), मृत्यू आणि कुटुंबांची वही यांची भर घालून पाच वह्यांचा नमुना घालून दिला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, संस्कार देणाऱ्याचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, बाप्तिस्म्याचे स्थळ व तारीख आणि जन्माचे स्थळ व तारीख हे कलम ८७७ प्रमाणे लागतेच. छापील वह्यांच्या अनेक नमुन्यांत वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण असेही रकाने असतात. उपनगराच्या इतिहासाला सगळ्यात उपयोगी हे दोनच.

कारण असे की, उपनगराचा धर्मग्राम स्थापन होण्याआधीची तिथली मुले मातृधर्मग्रामाच्या, म्हणजे ज्या जुन्या धर्मग्रामातून तो वेगळा निघाला त्याच्या, वहीत आहेत. नव्या धर्मग्रामाची वही पहिल्या पानावर क्रमांक १ पासून सुरू होते, म्हणून त्या दिवशी तिथे ख्रिस्ती वस्ती सुरू झाली असे होत नाही. मातृधर्मग्रामाची वही घ्यावी, राहण्याच्या रकान्यात उपनगराचे नाव पहिल्यांदा कुठल्या साली येते ते पाहावे, आणि मग वर्षागणिक किती वेळा येते ते मोजावे. वाढीचा खरा आलेख हा. गावांची नावे मात्र जपून वाचावीत. आज आपण ज्याला एखादे 'नगर' किंवा 'कॉलनी' म्हणतो ते तेव्हा मूळ गावाच्या नावाने लिहिले गेले असेल: उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, शिरोली. कधी 'मिलजवळ', 'स्टेशनमागे' एवढेच. विभाजनानंतर मातृधर्मग्रामाचे बाप्तिस्मे एकाएकी घटलेले दिसतील. तिथले लोक कमी झाले असा अर्थ काढू नये, ते दुसऱ्या वहीत गेले इतकेच.

बाप्तिस्म्यांच्या संख्येवरून लोकसंख्येचा अदमास काढता येतो, पण जन्मदराचे भान हवे. १९६० च्या सुमारास देशाचा जन्मदर हजारी ४० च्या आसपास होता. त्या काळी वर्षाला २० बाप्तिस्मे म्हणजे सुमारे ५०० माणसांची वस्ती. आता जन्मदर हजारी २० च्या खाली आला आहे, त्यामुळे तेच २० बाप्तिस्मे हजाराहून अधिक माणसे दाखवतात. 'पूर्वी वर्षाला चाळीस बाप्तिस्मे व्हायचे, आता वीसच होतात, म्हणजे समाज निम्मा झाला' हे विधान स्मरणिकांत वाचायला मिळते. ते गणितात टिकत नाही. एका वर्षाचा आकडाही घेऊ नये. लहान वस्तीत एका वर्षी आठ आणि पुढच्या वर्षी एकोणीस असे सहज होते. पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

त्यातही आपल्याकडची एक रीत हिशेब बिघडवते: पहिले बाळंतपण माहेरी. कॅनन लॉप्रमाणे बाळाचा बाप्तिस्मा साधारणतः आईवडिलांच्या धर्मग्रामात व्हावा, पण योग्य कारण असेल तर दुसरीकडे करता येतो, आणि नोंद जिथे संस्कार झाला तिथल्या वहीत होते. कोल्हापूरच्या उपनगरात राहणाऱ्या जोडप्याचे पहिले मूल सावंतवाडी, गोवा, बेळगाव, मंगळूर किंवा नगर जिल्ह्यातल्या वहीत सापडेल आणि दुसरे इथे. म्हणून नव्या वस्तीच्या सुरुवातीच्या वर्षांत वहीतला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच असतो. हे अंतर भरून काढायला कुटुंबांची वही उपयोगी पडते. लॅटिनमध्ये तिला 'स्टाटुस आनिमारुम' म्हणतात. घरागणिक माणसे, वय, कुठला संस्कार झाला, कुठून आले हे तिच्यात असते. दुर्दैवाने नवी कुटुंबवही तयार झाली की जुनी रद्दीत टाकली जाते. बाप्तिस्म्याची वही कुणी टाकत नाही, कारण दाखल्याला लागते. कुटुंबवहीला दाखल्याची किंमत नसल्यामुळे पहिला बळी तिचा जातो.

बाप्तिस्म्याच्या वहीतला सगळ्यात बोलका भाग म्हणजे समास. पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण, विवाह, दत्तकविधान, धर्मगुरुपदाची दीक्षा, कायमचे व्रतग्रहण जे काही होईल ते मूळ बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचे असते. विवाह दुसऱ्या गावी झाला तर तिथले धर्मगुरू इथे सूचनापत्र पाठवतात आणि ते समासात उतरवले जाते. ही पद्धत १९०८ पासून सर्वत्र पक्की झाली. एका दशकातल्या शंभर मुलांचे समास वाचले की त्यांतली किती कोल्हापुरातच राहिली, किती पुण्या-मुंबईला गेली, किती गोव्यात दिली गेली हे गावांच्या नावांनिशी कळते. आलेल्यांचा पत्ता विवाहाच्या वहीत, गेलेल्यांचा बाप्तिस्म्याच्या समासात. मात्र समास कोरा असेल तर लग्न झाले नाही असे समजू नये. सूचनापत्र टपालात हरवते, किंवा येऊन फाइलला लागते आणि उतरवायचे राहते. वहीत घडी घालून ठेवलेले सुटे कागद म्हणूनच झटकून टाकू नयेत. ज्या पानात सापडतील त्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहून तिथेच लिफाफ्यात ठेवावेत.

जुनी वही वाचताना काही ठिकाणी हमखास चूक होते. नावे लॅटिन रूपात असतात: योआन्नेस म्हणजे जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स किंवा जेकब. घरी त्या माणसाला तिसऱ्याच नावाने हाक मारत असतील. आडनावाचे वर्णलेखन धर्मगुरू बदलला की बदलते. डिसोझा, डिसूजा, सोझा ही एकाच घरातली तीन भावंडे असू शकतात, त्यामुळे आडनावाबरोबर आईचे माहेरचे नाव आणि धर्ममातापिता जुळवून पाहावेत. महिन्यांत सगळ्यात मोठा घोळ. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत सातचा आकडा काढून पुढे 'बेर' अशी अक्षरे जोडलेली असतील तर तो सप्टेंबर आहे, सातवा महिना जुलै नव्हे. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. कोकणातून आलेल्या घराण्यांचा माग काढताना वह्या पोर्तुगीजमध्ये मिळतात, कारण तिकडच्या जुन्या धर्मग्रामांवर गोव्याच्या धर्मप्रांताचा अधिकार होता.

इथेच एक सूचना. मुंबईच्या उपनगरांचा साचा कोल्हापूरला लावू नये. वांद्र्याच्या संत आंद्रे चर्चचा उगम १५७५ चा. तिथे पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगीज राजसत्तेचा चर्चवरचा अधिकार, आणि प्रोपागांदा, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार विभागाचा अधिकार, असे दोन अधिकार शेजारी शेजारी चालत आणि हा दुहेरी कारभार १९२८ च्या कराराने संपला. त्यामुळे तिथे एकाच वस्तीत दोन धर्मग्राम आणि कुटुंबानुसार ठरणारी निष्ठा असा प्रकार होता. कोल्हापूरचे तसे नाही. पुण्याचा अपोस्तोलिक व्हिकारिएट, म्हणजे धर्मप्रांत होण्याआधीचा विभाग, १८५४ मध्ये झाला, १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत झाला आणि दीर्घकाळ इथला कारभार पुण्याहूनच चालला. ५ जुलै २००५ रोजी सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे त्यात गेले आणि ऑल्विन बरेटो पहिले बिशप झाले. नवख्या अभ्यासकाने हे साल पाठ करून ठेवावे. एखाद्या उपनगरी धर्मग्रामाची घोषणा २००५ पूर्वी झाली असेल तर मूळ आज्ञापत्र पुण्याहून निघालेले असते आणि त्याची दफ्तरी प्रत पुण्यात शोधावी लागते. त्यानंतरचे असेल तर सिंधुदुर्गकडे विचारावे.

आणखी एक वाट फारशी कुणाला ठाऊक नाही. १९१८ मध्ये लागू झालेल्या आधीच्या कॅनन लॉत, कलम ४७० प्रमाणे, प्रत्येक धर्मग्रामाने दर वर्षाअखेरीस कुटुंबवही सोडून बाकी वह्यांची अधिकृत नक्कल बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवायची होती. १९८३ च्या संहितेत हा नियम नाही. म्हणजे १९१८ ते १९८३ या काळातली एखादी पाने इथे भिजली किंवा गहाळ झाली असतील तर त्यांची जुळी पाने पुण्यात असायला हवीत. विवाहांसाठी आणखी एक दुवा आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या ३० व्या कलमानुसार कॅथलिक धर्मगुरूंनी लावलेल्या विवाहांची तिमाही विवरणे सरकारी महानिबंधकांकडे जातात. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापुढच्या काळासाठी तरी हा मार्ग तपासून पाहावा.

पंथांची सरमिसळ ही पुरवण्यांतली जुनी खोड. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि इथल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग त्या प्रॉटेस्टंट परंपरेतला आहे. त्यांच्या मंडळ्या, पाळक, पंचमंडळ, वह्या, सगळी व्यवस्था निराळी. वाइल्डरांचे साल कॅथलिक चर्चच्या इतिहासात घुसडले की दोघांवरही अन्याय होतो. जनगणनेतूनही आज हा फरक कळत नाही, कारण प्रकाशित आकड्यांत 'ख्रिस्ती' एवढा एकच गट असतो. १९३१ पर्यंतच्या जनगणनांत मात्र पंथवार कोष्टके आहेत, ती पाहावीत.

धर्मग्रामाचे विभाजन कधी करायचे याला कायद्यात संख्येची अट नाही. व्यवहारात दबाव येतो तो रविवारच्या वेळापत्रकातून. कलम ९०५ प्रमाणे धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा अर्पण करायची. योग्य कारणासाठी दोन, आणि रविवारी वा सणाला गरज असेल तर बिशपांच्या परवानगीने तीन. दोनशे माणसांच्या चर्चमध्ये एकटा धर्मगुरू रविवारी फार तर सहाशे लोकांना पुरा पडतो. पण हा हिशेबही कागदावरचा. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, आणि तेव्हापासून एकाच चर्चमध्ये मराठी, इंग्रजी, कोकणी अशा वेगवेगळ्या वेळा ठेवाव्या लागतात. एका भाषेच्या मिस्सेला लोक दारात उभे आणि दुसऱ्या भाषेच्या वेळी निम्मे बाक रिकामे, असे होते. नवे चर्च हवे की वेळापत्रक बदलावे हा वाद तिथून सुरू होतो. धर्मग्राम परिषदेच्या इतिवृत्तात तो सापडतो. आमच्या मते उपनगरी धर्मग्रामाच्या इतिहासातले सगळ्यात जिवंत पान हेच, आणि स्मरणिकेत नेमके हेच गाळले जाते. निम्मी पाने शुभेच्छांच्या जाहिरातींना गेल्यावर जागा तरी कुठून उरणार!

हद्दीचे प्रकरणही असेच. धर्मग्राम साधारणपणे भूभागानुसार ठरतो, आणि आज्ञापत्रात त्याच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात. त्या महापालिकेच्या हद्दीशी जुळतील अशी अपेक्षा ठेवू नये. कोल्हापूरची हद्दवाढ हा किती वर्षांचा वाद आहे ते आपल्या वाचकांना सांगायला नको. धर्मग्राम मात्र शहरातले दोन प्रभाग आणि शेजारच्या तीन ग्रामपंचायती असा सहज पसरतो. अडचण येते ती खुणांमुळे. 'जकात नाक्यापासून ओढ्यापर्यंत' असे लिहून ठेवले. जकात गेली, नाका गेला, ओढ्यावर स्लॅब पडला. मग सीमेवरच्या कॉलनीतल्या कुटुंबाचे लग्न कुठल्या चर्चने लावायचे यावर पत्रव्यवहार होतो. नवे आज्ञापत्र तयार होताना नकाशा जोडावा आणि त्यावर रेल्वेमार्ग, महामार्ग, नदी अशा न हलणाऱ्या रेषा धराव्यात. रस्ता सीमा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची घरे कुणाकडे, हेही लिहावे.

जमिनीच्या तारखांसाठी सरकारी कागद पुरेसे आहेत. गावठाणाबाहेर सातबारा आणि त्यावरचे फेरफार क्रमांक, सिटी सर्व्हेत मालमत्ता पत्रक, शिवाय बिनशेतीचा आदेश आणि बांधकाम परवाना. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदणीचा उतारा घेताना धर्मग्रामाच्या नावाने शोधून काही मिळाले नाही तर चकित होऊ नये. मालमत्ता बहुधा धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असते. शाळा आधी आणि चर्च नंतर असा क्रम असेल तर जमीन शाळा चालवणाऱ्या संघाच्या नावावरही असू शकते. कोल्हापुरात कॅथलिकांची ओळखच मुळी कॉन्व्हेंट शाळांमुळे झाली, म्हणून शाळेचे साल चर्चला चिकटवण्याचा मोह होतो. कॉन्व्हेंटमधले प्रार्थनागृह हे सिस्टरांच्या संघाचे. तिथे रोज मिस्सा होत असली तरी ते धर्मग्रामाचे चर्च ठरत नाही.

शेवटी सगळ्यात निकडीचे: वह्या टिकवणे. कागदाला हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के असावा, ६५ च्या वर गेला की बुरशीला वाव मिळतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर तो त्याच्या वरच असतो. लोखंडी कपाट पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकून ठेवतात, भिंत गार राहते, आत पत्र्यावर दव धरते आणि मागच्या रांगेतल्या वह्या आधी खराब होतात. कपाट आतल्या भिंतीकडे, भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर ठेवावे, वह्या आडव्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळेल तेव्हा दारे उघडावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही बांधून ठेवणे सगळ्यात वाईट, आतला दमट वारा आतच कोंडतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. चार-पाच वर्षांत गोंद पिवळा पडून शाई खातो. पान लॅमिनेट तर मुळीच करू नये, ते पुन्हा सोडवता येत नाही. बारीक जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ हा सुरक्षित उपाय, आणि तो हे काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावा. समासात नवी नोंद करताना जेल पेन वापरू नये. पाणी लागताच तसल्या बऱ्याच पेनांची शाई पसरते.

पुराचे वेगळे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. सखल भागातल्या चर्चने साधा नियम करावा: पाणी ३९ फुटांना टेकले की वह्या वरच्या मजल्यावर. ४३ ची वाट पाहिली तर तोवर सगळे पूरग्रस्तांच्या सोयीत गुंतलेले असतात आणि कपाटाची आठवण कुणाला राहत नाही. तरीही वही भिजलीच तर उन्हात घालू नये, इस्त्री फिरवू नये, चिकटलेली पाने ओढू नयेत. पंख्याच्या वाऱ्यात उभी उघडी ठेवावी, दर वीसेक पानांत टीपकागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळवणे जमणार नसेल तर वही पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावी आणि जाणकाराकडून नंतर उघडून घ्यावी.

छायाचित्रे काढून ठेवणे हा विमा आहे, मूळ वहीला पर्याय नव्हे. पानाच्या मापाला ३०० डीपीआय पुरते. मुखपृष्ठ, कोरी पाने, समास आणि सुटे कागद यांसकट सगळे काढावे, फाइलच्या नावात वही, पान आणि साल असावे, एक प्रत धर्मग्रामात आणि दुसरी धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवावी. मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकणे हा प्रकार मात्र बंद व्हावा. या वह्यांत दत्तकविधानाच्या आणि अविवाहित मातांच्या मुलांच्या नोंदी असतात. हयात माणसांच्या नोंदी तर स्मरणिकेतही छापू नयेत.

आपल्या पुरवणीसाठी विनंती एवढीच, की चर्चविषयी मजकूर घेताना लेखकाला साल कशाचे ते विचारावे आणि 'इमारत अमुक साली, धर्मग्राम तमुक साली' असे दोन आकडे छापावेत. धर्मग्रामाकडे आज्ञापत्राची प्रत नसेल तर धर्मप्रांताच्या चॅन्सेलरांकडे लेखी अर्ज करता येतो. दफ्तर सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्याकडे असते. अर्जात धर्मग्रामाचे नाव, अंदाजे कालखंड आणि हेतू लिहावा. स्वतःच्या बाप्तिस्म्याचा वा विवाहाचा दाखला मागणे हा कलम ४८७ प्रमाणे संबंधित व्यक्तीचा हक्क आहे, पण इतरांच्या नोंदी अभ्यासासाठी पाहायच्या तर परवानगी घ्यावी लागते. नाताळ आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत अर्ज टाकू नये. त्या दिवसांत कार्यालयात दफ्तर शोधायला माणूस मोकळा नसतो.

आपले,
धर्मग्रामांच्या नोंदींचे अभ्यासक, कोल्हापूर